त्रेसष्टावी पायरी

पाणीखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळे अपवादबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडतही होतं. वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून एखाद्या माणसाने एकच काम मन लावून केलं, की नावाला ते काम चिकटतंच.

शहराला पाणी पुरवणाऱ्या बारा टाक्या. प्रत्येक टाकीवर भिंतीला टांगलेला एक छोटा संगणक. नियंत्रण कक्षातून दिवसातून चार वेळा, सात, अकरा, तीन आणि पुन्हा सात वाजता, प्रत्येक टाकीला विचारणा व्हायची : पातळी किती? टाकी उत्तर द्यायची. ही देवाणघेवाण सोप नावाच्या जुन्या पद्धतीने चाले. प्रश्न एका पाकिटातून जायचा, उत्तर दुसऱ्या पाकिटातून यायचं, आणि पाकिटात काय काय असू शकतं याचा दोन्हीकडच्या संगणकांत आधीच करार झालेला असायचा. "नाव सोप, काम अवघड," असं ती नव्या माणसाला सांगायची. घरी बाबांनी मात्र शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं की लेक साबणाच्या धंद्यात आहे. त्यांना समजावताना एकदा ती 'कॉल'ला 'हाक' म्हणाली, आणि तोच शब्द तिच्या तोंडी बसला. पुढे सगळं खातंच म्हणू लागलं, चार नंबरला हाक मार, नऊ नंबर हाकेला ओ देत नाही.

टाकीला उत्तर देता आलं नाही, तर पाकिटात उत्तराच्या जागी दोषाची चिठ्ठी येते. पूर्वी या चिठ्ठ्या वाचून कुणाला काही कळत नसे. 'अंतर्गत दोष' एवढे दोन शब्द, आणि खाली चाळीस ओळी अगम्य. तिने त्या सगळ्या मोडीत काढून स्वतःचे अपवाद लिहिले; प्रोग्रामच्या भाषेत अशा दोषाला अपवाद म्हणतात. मोजून चार : पातळी-नाही, झडप-अडकली, दार-उघडं, वीज-गेली. प्रत्येक चिठ्ठीत तीन रकाने : काय झालं, कुठे, आता काय करावं. पाचवी पास माणसालाही कळलं पाहिजे, हा तिचा हट्ट. आणि दुसरा हट्ट त्याहून मोठा : दोष गिळायचा नाही. काहीतरी चुकलेलं दिसतंय आणि प्रोग्राम ते गुपचूप खिशात घालून पुढे चाललाय, हे तिच्या लेखी पाप होतं.

त्या सोमवारी अकराची हाक झाली आणि तिचा फोन वाजला. नियंत्रण कक्षातला ऑपरेटर होता. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो फोनवर बोलला की फोन नसता तरी चाललं असतं असं वाटायचं.

"मॅडम, सात नंबर काहीतरी भलतंच बोलतोय!"

"चिठ्ठीत काय आहे?"

"चिठ्ठी कसली, 'अनोळखी दोष' म्हणतंय. दोनदा आलं."

दोनदा येणं बरोबर होतं. हाक फुकट गेली तर प्रोग्रामने आपणहून आणखी एकदा हाक मारायची, अशी सोय तिनेच करून ठेवली होती. तिने मूळ पाकिटं उघडून पाहिली. पहिल्यात लिहिलं होतं : माणूस-आत, पायरी ६३. दुसऱ्यात : माणूस-आत, पायरी ६२.

असा अपवाद तिने लिहिलेला नव्हता. तिने सगळ्या कोडमध्ये ते शब्द शोधले. एकदाही सापडले नाहीत. सात नंबरच्या संगणकातला प्रोग्राम उतरवून घेतला आणि सहा नंबरच्या प्रोग्रामशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. जुळी भावंडं. कुणीतरी खोडी काढली असावी, असं म्हणून ती चहाला उठली खरी, पण कप तसाच निवला. खोडी काढायला तरी शब्द कुठेतरी लिहावे लागतात.

तीनला ६१ आणि ६० आले. संध्याकाळी सातला ५९ आणि ५८.

मंगळवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. "सात नंबरवर एक अख्खी वस्ती आहे. पातळी कळत नाही तर पाणी सोडायचं कुणाच्या भरवशावर? तुमचे ते अपवाद बिपवाद तुमच्यापाशी ठेवा, मला आकडा द्या."

"आत माणूस आहे असं म्हणतोय, साहेब."

"कोण म्हणतोय?"

 आत कुणी खरंच अडकलं असेल तर? ती फिटरकाकांना घेऊन निघाली. काका निवृत्तीला आलेले. बाराही टाक्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि चालताना त्या वाजू नयेत म्हणून त्यांवर एक हात कायम ठेवलेला.

सात नंबरची टाकी जमिनीत पुरलेली होती. वरून दिसायचं ते फक्त मोकळं, गवत कापलेलं मैदान आणि मधोमध एक बुटकी खोली. खोलीत संगणक, आणि लोखंडी दारामागे खाली जाणारी गोल विहीर. विहिरीच्या तळाशी पातळी मोजायची नळी. भिंतीला लागून लोखंडी पायऱ्या वळत वळत उतरत होत्या. गार, गंजाचा वास असलेली हवा खालून तोंडावर आली.

"ओ! कोणी आहे का?" काकांनी आवाज दिला. त्यांचाच आवाज फिरून वर आला.

दोघं खाली उतरली. ती पायऱ्या मोजत होती. चाळीस झाल्या आणि पाय सिमेंटच्या जमिनीला लागला. चार पावलांची खोली, मधे नळी, बाकी काही नाही. बॅटरी फिरवली तरी लपायला उंदराला जागा नव्हती.

"काका, पायऱ्या चाळीसच आहेत?"

"मी आलो तेव्हापासून चाळीसच आहेत. पायऱ्या काय वाढतात होय?"

"आणि याच्या खाली?"

काकांनी बूट आपटला. भरीव आवाज आला. "खाली माती. आणि मातीखाली माती."

ती हसली. वर येताना मात्र तिने कठड्याला धरलेला हात सोडला नाही. खोलीतल्या संगणकावर अकराच्या हाकेची नोंद दिसत होती. ५५, ५४. पायऱ्या वरून मोजल्या तर शेवटची चाळिसावी. पंचावन्नावी पायरी, म्हणजे ज्या जमिनीवर आपण आत्ता उभे होतो तिच्या खाली पंधरा.

हे तिने काकांना सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तिने ठरवलं की कामाला लागायचं. अनोळखी दोष हाताळायचा तर आधी त्याची ओळख करून द्यावी लागते. करारात त्याचं नाव घालावं लागतं, म्हणजे प्रोग्रामला तो झेलता येतो. तिने पाचवा अपवाद लिहिला. माणूस-आत. रकाने नेहमीचे तीन. हा दोष आला तर लगेच दुसरी हाक मारायची नाही, अशी एक ओळही घातली. नाव टाइप करताना तिला उगाच वाटलं की आपण कुणाचं तरी नाव हजेरीपटावर चढवतोय.

करार फक्त तिच्या बाजूला बदलला होता. सात नंबरच्या प्रोग्रामला तिने हातही लावला नव्हता. तिथे तिसरा रकाना भरायला कोणी नव्हतंच.

अकराला चिठ्ठी आली.

काय झालं : माणूस आत.
कुठे : पायरी ४७.
आता काय करावं : हाक मारत राहा.

तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग उठून खिडकी उघडली, पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "बाई, एक काहीतरी ठरवा. वारा तरी घ्या, नाहीतर मला कागद तरी सांभाळू द्या."

हाक मारली की एक पायरी. एवढं गणित आता तिला कळलं होतं. हाका चालू राहिल्या. तीनला ४६, सातला ४५. गुरुवारी चार हाका, चार पायऱ्या. ती घरी भाजी चिरताना मनात मोजत होती, आंघोळ करताना मोजत होती, रस्त्यात सिग्नल हिरवा झाला तरी उभी राहिली म्हणून मागच्या गाडीवाल्याने शिव्या घातल्या.

मशीन पातळी सांगेना म्हणून फिटरकाका रोज सकाळी खाली उतरून हाताने पातळी मोजून आणत. शुक्रवारी सात वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, फक्त जरा हळू.

"बाई, तुम्ही आत्ता काही हाक बिक मारली का?"

"सातची नेहमीची. का?"

"मी तळाशी होतो. शेवटच्या पायरीवर पाय पडल्यासारखा आवाज झाला. लोखंड वाजतं ना, तसा. एकदाच."

तिने चिठ्ठी पाहिली. पायरी ४०.

"काका, वर या. आत्ताच्या आत्ता या."

"वरच आलोय. बोलतोय काय मग, खालून?" फोनमध्ये किल्ल्या वाजल्या. "घाबरलो नाही हो. पण वर येताना मागे वळून बघितलं नाही."

तिने भोंग्याला फोन करून सांगितलं, सात नंबरची हाक बंद. पुढचं सांगेपर्यंत एकही नाही. भोंग्याने कारण विचारलं नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाला, आणि तेही चक्क हळू आवाजात.

शनिवार गेला. रविवारी दुपारी ती बाबांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. बाबा पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आता कानाने कमी ऐकू यायचं, पण समोरच्याची चाल बघून त्यांना सगळं कळायचं.

"अगं, बस की. फरशी झिजेल."

"बाबा, पलीकडून कोणीतरी बोलतंय, पण कोण ते कळत नाही. तुम्ही काय करायचात?"

"विचारायचो, कोण बोलतंय."

"आणि सांगितलंच नाही तर?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मग ठेवून द्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक सांगतो. मी तीस वर्षांत पुष्कळ लाइनी तोडल्या. आपण तोडतो आणि मोकळे होतो. पलीकडचा माणूस मात्र तसाच कानाला लावून उभा असतो. किती वेळ, ते आपल्याला कधीच कळत नाही."

ती आपल्या खोलीत गेली. लॅपटॉप उघडला. स्वतःला बजावलं की फक्त बघायचंय, तिथेच आहे का ते. आणि एक हाक मारली.

काय झालं : माणूस आत.
कुठे : पायरी ३९.
आता काय करावं : का थांबलात?

तो रकाना सूचनेसाठी होता. त्यात प्रश्न कधी आला नव्हता. येऊच शकत नव्हता.

तिने लॅपटॉप मिटला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्यावर दोन्ही हात दाबून बसलोय.

तसं पाहिलं तर उपाय सोपा होता. सात नंबरचं नाव यादीतून काढायचं, काकांना रोज पातळी मोजायला लावायचं, नाहीतर दुसरी नळी बसवायची. साहेबांना आकडा मिळाला असता. पण त्यालाच ती इतकी वर्षं गिळणं म्हणत आली होती. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं, तर त्या विहिरीत जे काही होतं त्याला वर आणायचं काम तिच्याच हाका करत होत्या. ते माणूस आहे, हे सांगणारं तरी कोण? तेच. रात्रभर तिचा एक पाय इकडे आणि एक तिकडे.

सोमवारी सकाळी दहा वाजता ती काकांना म्हणाली, "आज त्याला वर घेऊन टाकू."

काकांनी किल्ल्यांवर हात ठेवला. "दिवसाढवळ्या करताय, हे चांगलं करताय."

लख्ख ऊन होतं. मैदानात कुणीतरी गवत कापत होतं, यंत्राची घरघर खोलीत ऐकू येत होती. काकांनी लोखंडी दार सताड उघडून त्याला वीट लावली आणि बॅटरी घेऊन ते दारातच उभे राहिले. ती स्टुलावर बसली, मांडीवर लॅपटॉप.

पहिली हाक. पायरी ३८. खालून, खोलातून, लोखंड वाजलं. ठण्ण.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

३७. ठण्ण. ३६. तिने थोडं थांबून पाहिलं, आवाज नाही. हाक मारली की आवाज. आवाजात घाई नव्हती. जड पाऊल होतं, दमलेलं, एकेक पायरीवर सगळं वजन टाकणारं.

"काही दिसतंय?"

"पायऱ्या दिसतात," काका म्हणाले. बॅटरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

पंचविसाव्या पायरीला तिने बोटं पुसून घेतली. विसाव्याला बाहेरचं यंत्र बंद पडलं की बंद केलं, कोण जाणे. खोली एकदम शांत झाली. पंधराव्याला काका म्हणाले, "बाई, जी पायरी वाजतेय ना, ती मला दिसतेय. उजेड तिच्यावरच आहे."

"मग?"

"रिकामी आहे."

चौदा. तेरा.

दहाव्या पायरीला तिसरा रकाना बदलला. आता तिथे 'हाक मारत राहा' नव्हतं. नुसतं 'हो' होतं.

नऊ. हो.

आठ. हो.

हाकेला ओ द्यावी तशी.

पाच. गंजाचा वास आता खालून येत नव्हता. तो खोलीतच होता.

तीन.

दोन.

पायरी एक. पाऊल उंबऱ्याशी वाजलं. तिचं बोट बटणावर थांबलं. अजून वेळ आहे, असं तिला वाटलं. दार लोटता येईल. वीट काढायला काकांना एक क्षण लागेल.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. 

तिने बटण दाबलं.

आवाज झाला नाही. पडद्यावर उत्तर आलं. चिठ्ठी नव्हती, साधं उत्तर : पातळी तीन मीटर दहा.

तिने मान वर केली. काका दारातून बाजूला सरकले होते. पाठ भिंतीला टेकवून, पोट आत घेऊन, हातातली बॅटरी छातीशी धरून उभे होते. अरुंद जिन्यावर ओझं घेतलेला माणूस समोरून आला की आपण उभे राहतो, तसे. मग त्यांनी श्वास सोडला आणि वीट काढून दार ओढून घेतलं.

"काय झालं, काका?"

"काही नाही. वाट दिली."

"कोणाला?"

"काय माहीत." त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. "कुणी वर येत असलं की बाजूला व्हायचं, एवढं कळतं."

बाहेर ऊन तसंच होतं. गवत कापणारा झाडाखाली बसून पाणी पीत होता. त्याने दोघांकडे पाहून मान हलवली.

त्यानंतर सात नंबर सरळ झाला. काकांनी दुसऱ्या दिवशी हाताने पातळी मोजली, ती मशीनशी तंतोतंत जुळली. साहेब खूश झाले. तिने करारातून पाचवा अपवाद काढून टाकला, आणि पहिल्यांदाच कित्येक दिवसांनी तिला शांत झोप लागली. बाबा म्हणाले, "लागली वाटतं लाइन." ती म्हणाली, "हो, लागली."

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कशासाठी तरी ती नियंत्रण कक्षात गेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर बारा टाक्यांचे आकडे होते. सातव्या चौकोनात आकडा होता, पण हाकेची वेळ रिकामी.

"सातला हाक जात नाही?" तिने विचारलं.

"कशाला मारू?" भोंगा म्हणाला. "तिथला माणूस स्वतःच फोन करून पातळी सांगतो. सात, अकरा, तीन, सात. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. मी लिहून घेतो."

"कुठला माणूस?"

"तुमचाच की, मॅडम. म्हणाला, बाईंनी वर घेतलं मला. चांगला आहे, अदबशीर. बोलतो मात्र दमल्यासारखा."

 भोंग्याने वहीचं पान उलटलं आणि पेन कानावर ठेवलं.

"आणि हो, बरं आठवलं. सकाळीच विचारत होता, बाकीच्यांना कधी हाक मारणार?"